माती भाजायची राहिली

गेल्या रविवारी सकाळी जठारपेठेतल्या आमच्या मागच्या खोलीत रेल्वे बंद पडली… आणि तीही लाइव्ह, पुण्या-मुंबईच्या लोकांसमोर! अजून हसू आवरत नाहीये, म्हणून लिहूनच टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी… मला मॉडेल रेल्वेचा नाद आहे. टेबलावर छोटे रूळ, छोटं स्टेशन, झाडं, शेतं, आणि हे सगळं खरं कसं दिसेल याचे व्हिडिओ मी बनवते. या वेळी बनवत होते आपल्या अचलपूरच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचं एक स्टेशन. अगदी भरात असतानाचं, चकाचक!

घरात मात्र या प्रकाराला काडीची किंमत नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, नांदगाव खंडेश्वरचं वावर मक्त्याने देऊन आमच्याकडे राहायला आले. रोज एकदा तरी "मी जातो बा गावाले" म्हणतात, आणि त्या खोलीचा उल्लेख "तुयं ते खेळणं" एवढाच. दारातून आत कधी पाऊल टाकलं नाही.

अशात पुण्याच्या एका हौशी ग्रुपने मला बोलावलं… ऑनलाइन, लाइव्ह, विषय 'खरी वाटणारी जमीन कशी बनवायची'. वऱ्हाडातून कोणाला बोलावल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. भल्ली इज्जत पणाला लागली होती माझी.

खरी जमीन म्हणजे आपली काळी मातीच की! नांदगावच्या वावरातून पिशवीभर आणली, चाळली. आता या कामातला पहिला नियम असा की माती आधी भाजून घ्यायची, म्हणजे तिच्यातले किडे, बिया सगळं मरून जातं. मी कढई ठेवली, गॅस पेटवला… आणि नेमके मामाजी पाणी प्यायला आले.

"हे काय करून रायली?"

"माती भाजते, मामाजी."

"मातीले भाजते? ज्या मातीत पेरतो तिले? काहून, तिनं तुयं काय बिघडवलं?"

मी गॅस बंद केला. माती तशीच पसरली टेबलावर, डिंकाचं पाणी मारलं, धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिक झाकलं, आणि आम्ही सगळे नणंदेच्या मुलीच्या लग्नाला चांगले दहा दिवस अमरावतीला निघून गेलो.

शनिवारी संध्याकाळी परत आलो. प्लास्टिक उचललं… आणि पाहते तर काय! रुळांच्या मधोमध गवत, प्लॅटफॉर्मवर गवत, आणि तिकीट खिडकीसमोर मुगाची दोन रोपं, स्टेशनच्या छपराच्याही वर डोकं काढून! नखाएवढे प्रवासी त्यांच्या सावलीत उभे.

चिमटा घेऊन उपटायला बसले. एक काडी ओढली की मुळासोबत खडी, रूळ, सगळंच उचकटून यायला लागलं. मला रडूच फुटलं. तो आवाज ऐकून मामाजी आले. पहिल्यांदाच आत आले, वाकले, चष्मा वरखाली केला…

"मूग हाय," म्हणाले. "गवत उपटशीन तर मूगही येईन संगं. राहू दे."

"मामाजी, उद्या लाइव्ह आहे माझं!"

"मंग? घरात उगवलेला मूग उपटत असते का कोनी?"

आणि माझ्या हातातला चिमटा घेऊन गेले. हो, घेऊनच गेले!

रविवारी मी आपली चेहरा हसरा ठेवून बोलत होते. कॅमेरा असा लावला की मूग दिसू नये. पण गाडी तर चालवून दाखवायलाच हवी… कॅमेरा तिच्यामागे फिरवला. निघाली, मोठ्या ऐटीत वळण घेतलं, स्टेशनात आली, आणि रुळावर झुकलेल्या मुगाला धडकून आडवी! आयोजक ताई म्हणाल्या, "मॅडम, ते… काय आहे?"

तेवढ्यात मामाजी. बनियनवर, हातात चहाचा कप, थेट कॅमेऱ्यात.

"मूग हाय तो. अन् ते गवत. तुमी अचलपूरच्या लाइनीवर गेले काय कधी? पाहून या. रूळ दिसत नाई, इतकं गवत माजलं. आमच्या सुनेनं आता बरोबर केलं."

मग कप टेबलावर ठेवून गोष्टीच सुरू झाल्या. परतवाड्याच्या बैलबाजारात याच गाडीनं कसे जायचे, गाडी इतकी हळू की मधातच उतरून वावरातला हरभरा उपटायचा आणि पळत येऊन पुन्हा चढायचं… घरचा मूग उपटायचा नाही, लोकांचा हरभरा मात्र चालतो, पाहा!

माझी वेळ संपली तरी लोक हलेनात. सगळे प्रश्न मामाजींना. शेवटी एकाने मला विचारलं, "इतकं खरं गवत बनवलंत कसं?" मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं… "पहिला नियम, माती भाजायची नाही."

तेव्हापासून आमच्याकडे गाड्या रद्द आहेत. रोज सकाळी मामाजी स्प्रेची बाटली घेऊन स्टेशनात हजर, आणि मला आत जायचं तर विचारून!

काल नांदगावच्या त्यांच्या दोस्ताचा फोन आला होता, कधी येतो म्हणून. मी ओट्याशी होते, कान तिकडेच. म्हणाले, "आता नाई जमत रे. इथं मूग हाय आपला… अन् सुनेची गाडी हाय. तिले सोडून कसा येऊ?"

खेळणं नाही… गाडी! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. बरं झालं बाई, त्या दिवशी गॅस बंद केला.