डोणगावचा आठ दिवसांचा फोन

गावं टेलिफोनसाठी कितपत तयार आहेत हे पाहायला टपाल-तार खात्याने मला पाठवलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंच होतं. डोणगावच्या पोस्टात चाचणीसाठी आठ दिवस फोन बसवला होता. पाच दिवस त्याला कुणी हात लावला नाही. शिकलेली माणसं कमी, गाव अजून तयार नाही, असं मी अहवालात लिहूनही टाकलं.

सहाव्या दिवशी सकाळी भाजी विकणारी एक बाई टोपली दारात ठेवून आत आली. तिची मुलगी बाळंतपणासाठी मेहकरच्या दवाखान्यात होती आणि दोन दिवस काहीच निरोप नव्हता.

"याच्यातून मेहकरले बोलता येते म्हंतात. मले जमन काय?"

"लिहिता-वाचता येतं?" मी सवयीने विचारलं.

"नाही येत, सायेब. पण आयकू येते ना!"

मी दवाखान्याचा फोन जोडून घेतला. तिने डोक्यावर पदर सारखा केला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून नर्स बोलत होती. बाई नुसती मान हलवत होती.

"तोंडाने बोला, तिकडे मान दिसत नाही."

"हाव!" ती एवढ्यांदा ओरडली की पोस्टमास्तर दचकले. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि डोळे पुसत हसायला लागली.

मी जुनं पान फाडून अहवाल नव्याने लिहायला घेतला. बाजाराच्या वाटेने तिचा आवाज दूरपर्यंत ऐकू येत होता, "माही पोर सुखानं सुटली वो! म्या सोताच्या कानानं आयकलं!"