नाच बंद, हंडा चालू

“साडेसहा,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. “हे तुमचं हिमोग्लोबिन. निदान अकरा तरी हवं. सातवा महिना आहे तुम्हाला. इथपर्यंत चालत आलात कशा?”

हिमोग्लोबिन म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. विचारायचीही लाज वाटली. बाईंनी स्वतःच सांगितलं. रक्त ज्याच्यामुळे लाल असतं ते. आपण श्वासातून घेतलेली हवा ते अंगभर पोचवतं, पोटातल्या बाळालाही. ते कमी पडलं की त्या आजाराला अ‍ॅनिमिया म्हणतात. इतकं कमी असलं तर बाळ नीट वाढत नाही, दिवस भरायच्या आत येतं. बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं तरी आईच्या जिवावर बेततं.

हे ऐकून मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण पोटुशी असताना कुणाला चक्कर आली आणि घरच्यांनी भलत्याच गोष्टीवर बोट ठेवलं, तर तिला हे उपयोगी पडेल.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही सरावलीला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात कापड रंगवण्याच्या खात्यात होता. सासूबाई आमच्याजवळच असायच्या.

चाळीच्या मागे बालवाडीची खोली होती. मुलं घरी गेली की दुपारी दोन वाजता तिथे नलूताई बायकांचा नाचाचा वर्ग घ्यायच्या. नलूताई शाळेत कवायत शिकवत. टेपरेकॉर्डर लावून त्या आमच्याकडून हात-पाय-कंबर सगळं हलवून घेत. नाव व्यायामाचं, पण होता तो नाचच. माझं माहेर केळव्याचं. लहानपणापासून मी गौरीच्या फेरात नाचत आले. बोलायला लाजणारी मी, फेरात कधी लाजले नाही. वर्गातल्या त्या पाऊण तासात मला तसंच वाटायचं.

दिवस राहिल्यावर मी नलूताईंच्या कानात सांगितलं. त्यांनी मला घरी नाही बसवलं. आधी डॉक्टरला विचारून ये म्हणाल्या. आरोग्य केंद्रातल्या नर्सने हरकत घेतली नाही. मग ताईंनी माझ्यासाठी नियम घातले. उडी मारायची नाही, एक पाय कायम जमिनीवर. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर झोपून करायचे प्रकार बंद. गिरक्या बंद. मध्ये मध्ये पाणी प्यायचं. नाचताना त्या मला मुद्दाम विचारत, “आज भाजी कसली केलीस गं?” उत्तर देताना मला धाप लागली की लगेच खुर्चीवर बसवत. बोलता येईल इतपतच नाचायचं, हा त्यांचा हिशोब. बायका हसायच्या. “हिला पोट आलं म्हणून हिची भाजी रोज विचारतात, आमची कोण विचारणार?”

नर्सने मला लोहाच्या गोळ्याही दिल्या होत्या. कागदाच्या पुडीत, लाल रंगाच्या. “रोज एक घे,” एवढंच सांगितलं आणि पुढचीला हाक मारली.

आठवडाभर घेतल्या. मग शौचाला काळं होऊ लागलं, अगदी कोळशासारखं. मी हादरले. वाटलं, आत कुठेतरी रक्त साकळलंय आणि तेच बाहेर पडतंय. हे विचारणार कुणाला? नवऱ्याला? सासूबाईंना? परत जाऊन त्या नर्सला, रांगेतल्या पन्नास माणसांपुढे? जीभ रेटली नाही. गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांत काळं थांबलं आणि मला माझी खात्री पटली. पुडी साबुदाण्याच्या डब्यात लपवली. कुणी विचारलं तर मान हलवायची, घेते म्हणून.

जेवणाचंही तेच. सासूबाई अर्धी भाकरी वाढत. “पोट भरून खाल्लंस तर पोराला जागा कुठं रायल? मोठं झालं तर सुटायचं नाय.” त्यांना कुणी असंच सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं. मी अर्धी खाऊन उठत होते.

पाचवा महिना संपताना एक दिवस वर्गात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. पडलेसुद्धा नाही, भिंतीला धरून बसले. नलूताईंनी लगेच टेप बंद केला, मला डाव्या कुशीवर निजवलं, नवऱ्याला निरोप धाडला.

त्या संध्याकाळी बोईसरच्या एका डॉक्टरकडे नेलं. ते खुर्चीवरून उठले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही, नवऱ्याला विचारलं, “काय झालं?” सासूबाई मध्येच म्हणाल्या, “नाचते ही. पोटात पोर घेऊन नाचते.” डॉक्टर हसले. “नाचबिच बंद करा. आराम करा.” झालं. रक्त तपासलं नाही, पापणी खाली ओढून बघितली नाही, काय खाता विचारलं नाही. नाच हा शब्द ऐकला आणि त्यांचं काम संपलं.

घरी येताना सासूबाई जिन्यातच सुरू झाल्या. “आमी सात बाळंतपणं केली, कोन नाचली?” दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या चाळीला सांगितलं. चाळकमिटीच्या लोकांनी नलूताईंकडून बालवाडीची किल्ली काढून घेतली. ताई मला बघायला आल्या तर सासूबाईंनी त्यांना दारातून परत पाठवलं. “एकीचं वाटोळं केलंत, आता दुसरी बगा.” मी दाराच्या आड उभी होते. ताईंची काही चूक नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. माझ्या रागातला मोठा वाटा त्या आडोशाला उभ्या राहिलेल्या बाईवर आहे.

आणि आराम? आराम म्हणजे फक्त नाच बंद. सकाळी नळ आला की खालून दोन मजले हंडा, कमरेवर कळशी, चार-चार खेपा. चादरी आपटून धुणं. उकिडवं बसून फरशी. ते कुणाला दिसत नव्हतं. हंडा उचलताना कुणी म्हणालं नाही की पोटात पोर आहे, जप. बाई ओझं उचलते ते काम आणि ती स्वतःच्या सुखाने पाय हलवते ते संकट.

सहा आठवडे असे गेले. नाच नव्हता तरी चक्कर येतच होती. दुसऱ्या खेपेला जिन्यात छाती धडधडायची. पाय सुजले. बाळ पहिल्यापेक्षा कमी हलतंय असं वाटू लागलं, तेव्हा मात्र झोप उडाली.

एका सकाळी नळावर नलूताई भेटल्या. त्यांनी माझी खालची पापणी ओढली. “पांढरीफटक आहे गं. आजच्या आज पालघरच्या दवाखान्यात जा. नाच सोडून सहा आठवडे झाले ना? मग चक्कर कशाने येते, हे तरी विचार नवऱ्याला.”

मी विचारलं. नवरा कामावर न जाता एसटीने मला पालघरला घेऊन गेला.

तिथे तास-दीड तास बाकावर, मग रक्त, मग पुन्हा बाक. डॉक्टरबाईंनी पोटावर नळी लावून कान दिला. “ठोके चांगले आहेत. पण बाळ महिन्यांच्या मानाने लहान आहे,” म्हणाल्या. मग तो कागद आला, साडेसहाचा.

“गोळ्या घेतल्या?”

मी मान हलवली.

“रोज?”

पुन्हा हलवली. बाईंनी कागदावरच्या साडेसहावर बोट ठेवलं. नवऱ्याला त्यांनी बाहेर बसवलं होतं. मी त्यांच्या टेबलाकडे वाकून कुजबुजले, काळं होत होतं म्हणून.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, लोहाने काळंच होतं. सगळ्यांना होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

नाही. कुणी सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. गोळी देताना ते वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? त्या एका वाक्यावाचून माझं मूल पोटात उपाशी राहिलं.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो कुणीच विचारला नव्हता. “पाणी कोण भरतं?” मी सांगितलं. किती मजले? सांगितलं. नाचाबद्दलही सांगितलं, उडी नाही, बोलत बोलत करायचं, सगळं. बाई म्हणाल्या, “तुमच्या त्या ताईंना डोकं आहे. चक्कर नाचाने नाही, रक्त नव्हतं म्हणून आली. आता काही दिवस खरा आराम. रक्त भरून आलं की नाच चालेल. हंडा नाही चालणार.”

माझ्या आयुष्यात मी परक्या माणसाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. “बाई, हे लिहून द्या. मराठीत.”

घरी आल्यावर सासूबाईंपुढे मी तो कागद स्वतः वाचला, मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसा. “पोटभर जेवण. लोहाची इंजेक्शनं. हंडा, कळशी उचलू नये. रक्त वाढल्यावर हलका नाच चालेल.”

“कागदावर कोन बी काय बी लिवंल,” सासूबाई म्हणाल्या. पण रात्रीच्या जेवणात अख्खी भाकरी आली. पाणी नवरा भरू लागला. नळावरचे पुरुष ओरडायचे, “काय रे, बाळंत तू होनार हायस का?” तो मान खाली घालून जिना चढायचा. त्याला लाज वाटायची. वाटू दे, मी म्हणायचे.

इंजेक्शनं दहा होती, एक दिवसाआड, खोलवर टोचायची. दुखतात आणि जागा काळी पडते. मी एकही चुकवलं नाही. नंतर गोळ्या, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. आठव्या महिन्याच्या मध्याला रक्त साडेनऊ झालं. बाळ पुन्हा लाथा मारू लागलं. बाईंनी हलक्या नाचाला हो म्हटलं, त्या दिवशी मी खोलीतच, सासूबाई तांदूळ निवडत असताना, गौरीच्या फेराची चार पावलं टाकली. त्या बघत राहिल्या. थांबवलं नाही.

मुलगी झाली. अडीच किलोला थोडी कमी, पण रडायला खणखणीत. पालघरच्या त्या डॉक्टरबाईंचं आणि नलूताईंचं ऋण मी मानते. बोईसरच्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही.

तो कागद नवऱ्याने कमिटीला दाखवला आणि किल्ली ताईंना परत मिळाली. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर बाईंना विचारून मीही वर्गाला जाऊ लागले. ताईंची माफी मागितली तर म्हणाल्या, “माफी राहू दे, पुढे उभी राहून नाच.”

पुढे काही महिन्यांनी वर्गात एक नवी मुलगी आली, चौथा महिना. कोपऱ्यात उभी, पदर तोंडावर. ताईंनी तिला नियम सांगितले. रक्त दिसलं, पाणी गेलं, पोटात कळ आली, चक्कर आली, बाळाची हालचाल मंदावली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं. टेप सुरू होणार इतक्यात मी पुढे गेले.

“पाणी कोण भरतं तुझ्याकडे?”

“मीच,” ती म्हणाली.

“उद्यापासून नाही भरायचं. आणि गोळ्या घेतेस ना? शी काळी होते का?”

खोलीत एकदम हशा पिकला. “अगं बाई, हिला वाचा फुटली आणि विचारते काय!” मुलीने तोंड फिरवलं. माझे कान तापले, पण मी हटले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा विचारलं, “काळी होते का?”

हसणं थांबलं. तिने पदराआडून मान हलवली. हो.

“ती गोळीमुळेच,” मी म्हटलं. “घाबरू नकोस. सोडू नकोस.”