कपाटाविरुद्ध एक्केचाळीस अर्ज

इसक्किमुत्तु अण्णाच्चींना स्वस्थ बसलेलं मी कधीही पाहिलेलं नाही. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे अण्णाच्ची म्हणतात, दादा म्हणावं तसं. कलेक्टर कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, त्यांचं अर्ज लिहायचं टेबल आणि माझं झेरॉक्सचं मशीन एकवीस वर्षं शेजारी-शेजारी आहेत. पेनाचं टोपण काढतील, लावतील, परत काढतील. टेबलाखाली उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत असतो आणि त्या हादऱ्याने माझ्या कागदांच्या चळती सरकतात. मी खेकसते. मग ते उजवा पाय थांबवतात आणि डावा सुरू करतात.

सोमवारी कलेक्टरसाहेब लोकांचे अर्ज घेतात. त्या दिवशी सकाळी सातपासून सगळा जिल्हा आमच्या झाडाखाली. छापील मजकुरात नाव घालून देणारे टायपिंगवाले चौघे आहेत, तरी रांग लागते ती अण्णाच्चींपुढेच. ते माणसाला बोलू देतात, मध्ये तोंड घालत नाहीत. माणूस बोलून-बोलून दमतो, उठतो, कमरेची वेष्टी झटकता झटकता काहीतरी पुटपुटतो. "बसा," अण्णाच्ची म्हणतात, "हे आत्ता उठताना बोललात ना, तेच लिहू." खरी तक्रार माणूस उठतानाच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा लिहायला लागले की पाय थांबतो आणि अक्षर असं उतरतं, की कचेरीतले कारकून वाचण्याआधी ओळखतात. स्टुलावर बसलेल्या कुणालाही त्यांनी आजवर परत पाठवलेलं नाही.

अण्णाच्चींची बायको लवकर गेली. एकच मुलगी, कांतिमती. शाळा सुटली की ती याच टेबलाखाली बसून माझ्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर घरं काढायची. शिकायला चेन्नईला गेली, आर्किटेक्ट झाली, मदुरैला स्वतःचं ऑफिस थाटलं. आमच्या इथल्या गिरणीवाल्या शेठना गावाच्या मधोमध, पुलाच्या तोंडाशी मोठं हॉटेल बांधायची हौस आली, तेव्हा त्यांनी ते काम तिलाच दिलं. गावचीच पोर म्हणून. त्या दिवशी अण्णाच्चींनी झाडाखालच्या झाडून सगळ्यांना सुंठीची कॉफी पाजली. टायपिंगवाल्यांनासुद्धा.

हॉटेल उभं राहिलं. सात मजले, करडे पत्रे, उभ्या चिंचोळ्या खिडक्या. मला आवडलं नाही, उगाच गोड कशाला बोलू? गावाने आठ दिवसांत त्याचं नाव ठेवलं, कपाट. "कपाटापाशी उतरव रे." "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" असं चाललं होतं. एवढ्यावर भागलं असतं, तर लोक चार दिवस हसून गप्प बसले असते.

पण ते वळण होतं ना. तिरुनेलवेलीकडून येणारी बस पूल उतरून डावीकडे वळते, तिथे समोर देवळाचं गोपूर दिसायचं. देवाला नमस्कार म्हणून बसमधल्या सगळ्यांचे हात आपोआप गालांवर जायचे. बघायचंही काही कारण नाही. झोपलेला माणूस वळणाच्या धक्क्याने अर्धवट जागा होऊन गालांवर हात मारून घ्यायचा आणि परत घोरायला लागायचा. आता त्या जागी आलं कपाट. हाताला ते कुठून कळणार? हात वर जायचे ते गेलेच, आणि डोळे उघडून बघतात तो पुढ्यात हॉटेल. रोज सकाळी बसच्या बस हॉटेलला नमस्कार घालू लागली. तिथला दरवान पहिले दोन दिवस उलट सलाम ठोकत होता.

आता मात्र गाव पेटलं, आणि पेटलेलं गाव सोमवारी कुठे जाणार? आमच्याच झाडाखाली.

"अण्णाच्ची, तुमच्या मुलीबद्दल मनात काही नाही हं," प्रत्येक जण स्टुलावर टेकता टेकता हेच म्हणायचा. मग मनात जे नव्हतं ते सगळं बाहेर काढायचा. मला तर एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. अरे, चार टायपिंगवाले बसलेत ना तिथे? पण नाही. अक्षर अण्णाच्चींचंच हवं.

न्हाव्याची तक्रार अशी, की दुपारचं ऊन हॉटेलच्या पत्र्यावरून उसळून त्याच्या आरशात येतं आणि गिऱ्हाईक डोळे मिटून बसतं, मग कलमं खालीवर झाली की भांडतं. एका बाईच्या गच्चीवर सावली पडून तिचे सांडगे वाळेनात. लग्नाची पोस्टर चिकटवणारा एक जण आला होता, त्याचं दुःख म्हणजे एवढी मोठी भिंत आणि तिच्यावर खळ धरत नाही. अण्णाच्ची प्रत्येकाचं ऐकायचे, प्रत्येकाला उठू द्यायचे, परत बसवायचे. आणि काय लिहायचे! सांडग्यांचा अर्ज वाचून मला त्या बाईच्या सासूची कीव आली, आणि सासूचा त्यात उल्लेखही नव्हता.

"तुम्हाला काही वाटत नाही का हो?" मी एकदा विचारलंच.

"वाटून काय करू? स्टुलावर बसलेल्या माणसाला ऊठ म्हणू?"

पाय मात्र आता लिहितानाही हलायला लागला होता.

संध्याकाळी साडेपाचला, टेबल आवरायच्या वेळेला, कांतीचा फोन यायचा. अण्णाच्चींना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्याने लावलेला, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. चोरून ऐकायची गरजच नव्हती.

"अप्पा, लोक काय म्हणतायत?"

"बरं म्हणतायत."

"नुसतं बरं?"

"उंच आहे म्हणतायत."

"आणि तुम्हाला कसं वाटलं?"

"मला त्यातलं काय कळतंय, पोरी? जेवलीस का?"

फोन ठेवला की ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मी म्हटलं, "खोटं किती दिवस बोलणार?" तर म्हणाले, "मग काय सांगू तिला? दिवसभर तुझ्याच भिंतीवर शिव्या लिहीत बसतो, असं?" पेनाचं टोपण त्या दिवशी त्यांनी इतक्या वेळा काढलं-घातलं की ते सैल झालं, शेवटी रबरबँड लावावा लागला.

मग एका सोमवारी पेच्चियम्माळ आली. ही म्हातारी बसमध्ये चढून मोगऱ्याचे गजरे विकते. गोपूर दिसलं की बायकांना गजरा घ्यायची आठवण व्हायची, आता कुणी घेत नाही, एवढंच तिचं गाऱ्हाणं. दोन ओळींचं काम. पण अण्णाच्चींनी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. झेरॉक्स काढता काढता मी वाचलं, आणि शेवटाशी येऊन थबकले. तिथे लिहिलं होतं: 'माझा हात आपोआप वर जातो. ज्या भिंतीपुढे जातो, तिला त्याची खबरही नसते. ज्याने ही इमारत रेखाटली, त्याला या वळणावरून घरी यावंसं कधी वाटलंच नसणार.'

"हे पेच्चियम्माळ बोलली?" मी विचारलं.

"उठताना बोलली."

"ती उठली तेव्हा मी इथेच होते, अण्णाच्ची. गुडघे दुखतात, एवढंच बोलली ती."

ते उठले. पुलापर्यंत चालत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. त्या दिवसांत त्यांना एकच नाद लागला होता. काम नसलं की पुलापलीकडे चालत जायचे आणि एका थांब्यापुरती बस पकडून परत यायचे. मला कशाला सांगतील, पण कंडक्टर सांगायचा ना. अण्णाच्ची खिडकीशी बसतात, वळणावर हात गालांवर नेतात आणि तसेच धरून ठेवतात, म्हणे. कांती दोन वर्षांत घरी तीनदा आली होती, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत.

पुढच्या आठवड्यात प्रांत कचेरीचा कारकून एक जाड फाईल घेऊन माझ्याकडे आला. हॉटेलविरुद्ध एक्केचाळीस हरकती, त्यांच्या प्रती मालकाला आणि आर्किटेक्टला पाठवायच्या, पंधरा दिवसांत उत्तर मागवायचं. मी फाईल उघडली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, एकाच हातच्या. ज्या अक्षरावरून ती पोर लिहायला शिकली, त्याच अक्षरात.

अण्णाच्ची कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही. बराच वेळ मशीनकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "चेल्लम, थोड्या फिकट काढता येतील का गं?"

"येतील की. शाई संपत आली म्हणून सांगेन कारकुनाला."

मी बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"नको. गडद काढ."

गडद काढल्या. कोरीव निघाल्या अगदी. मला त्यांचा इतका राग आला की दुपारची कॉफी मी त्यांना दिली नाही.

पाकीट बुधवारी पोहोचलं असणार. बुधवारी साडेपाचला फोन आला नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी अण्णाच्ची फोन हातात घेऊन सहा वाजेपर्यंत बसले, अंधारून आलं तरी टेबल आवरेनात. मी म्हटलं, "तुम्ही करा की." त्यांनी नंबर काढला, बघितला, फोन खिशात ठेवला, बाहेर काढला, परत ठेवला. "काय बोलू? बरं म्हणतायत?" असं म्हणाले आणि पुलाकडे चालू लागले.

सोमवारी ती आली. सरळ बापाकडे गेली नाही, रांगेत उभी राहिली. पुढे पाणीपट्टीवाला एक, शेळी मेलेला एक. अण्णाच्चींनी तिला पाहिलं होतं. शेळीवाल्याचा अर्ज लिहिताना त्यांनी दोन कागद फुकट घालवले. मग ती स्टुलावर येऊन बसली. रांगेतल्या लोकांनी कान टवकारले. माझं मशीन मीच बंद केलं.

"चाळीस अर्जांचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "लोकांचे आहेत, लोकांनी करावेत. पण गजरेवाल्या आजीचा अर्ज तुमचा आहे, अप्पा. शेवटच्या ओळी. या गावात असं कुणी बोलत नाही."

"माझ्याच आहेत."

"मी रोज विचारत होते. रोज! एकदा म्हणायचंत, कांती, मला नाही आवडलं. जमलं नसतं?"

"नाही जमलं."

"परक्या बाईच्या अंगठ्याच्या ठशाआडून बरं जमलं."

अण्णाच्चींचे दोन्ही पाय हलत होते. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि आयुष्यात परत यायची नाही. पण तिने पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली.

"मला उत्तर द्यायचंय. लिहा."

"मी?"

"स्टुलावर बसलेल्याला तुम्ही परत पाठवत नाही ना? मग लिहा. मंजूर नकाशात तिसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत इमारतीच्या मधोमध आरपार मोकळी जागा सोडलेली आहे. पूल उतरून वळणाऱ्या बसच्या खिडकीतून त्या जागेतून गोपूर दिसावं, अशी. माप घेण्यासाठी मी त्या बसने नऊ वेळा आले-गेले."

पेन थांबलं. "नऊ वेळा आलीस? घरी नाही आलीस?"

"तुम्ही विचाराल काय करतेस, आणि मला आधी सांगायचं नव्हतं. उभं राहिल्यावर तुम्हालाच बसमध्ये बसवून दाखवणार होते." पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "मालकांनी त्या जागेत लग्नाचा हॉल घातला. मला बांधून झाल्यावर कळलं. मोठं काम हातचं जाईल म्हणून मी तोंड उघडलं नाही. तेही लिहा."

"हे लिहिलं तर शेठ तुला या जिल्ह्यात वीट लावू देणार नाही, पोरी."

"न्हाव्याला असं सांगितलं होतंत? सांडगेवालीला?"

अण्णाच्चींनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. ती सांगत होती, ते लिहीत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मला आवडलं असतं का गं, ते तसं झालं असतं तर?" ती म्हणाली, "मला काय माहीत. तुम्ही खरं थोडंच सांगितलं असतंत." रांगेत कुणीतरी हसलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने खोकल्याचं निमित्त केलं.

दोन कागद भरले. ती उठत नव्हती, म्हणजे त्यांना तिच्या उठण्याची वाटही बघता येईना. शेवटी त्यांनी कागद सरळ केला आणि वर न बघता, रोज शंभर जणांना विचारतात तसं विचारलं, "अर्जदाराचं नाव?"

"कांतिमती."

"वडिलांचं..." एवढंच म्हणाले आणि थांबले.

तिने त्यांना तसंच बसू दिलं. मलाच राहवेना, पण मी जीभ चावून धरली. मग तिने ते नाव सांगितलं. अण्णाच्चींनी ते सावकाश लिहिलं आणि स्वतःच्याच नावापाशी पेन तसंच टेकवून ठेवलं.

"पत्ता? मदुरैचा?"

"नको," ती म्हणाली. "इथला, घरचा घाला. कचेरीचं उत्तर तुमच्या हातात पडू दे. पडलं की साडेपाचला मला फोन करा, आणि जसं असेल तसं वाचून दाखवा."