सासुरवाडीची तांबडी माती

विरुपाक्ष हादिमनींनी आयुष्यभर जमीन आधी वरूनच पाहिली. धारवाडच्या आमच्या माती-सर्वेक्षण कचेरीत विमानातून काढलेले रंगीत फोटो यायचे. हादिमनी त्यांवर भिंग धरून काळी माती कुठे, तांबडी कुठे, खारवट कुठे, त्याच्या रेघा मारत. मग जागेवर जाऊन खड्डा खणायचा आणि खात्री करायची, असा नियम होता. हादिमनींची रेघ खड्ड्यात कधीच खोटी ठरली नव्हती. हे ते स्वतः सांगत, आणि रोज सांगत.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या नकाशात नेमकी त्यांची सासुरवाडी आली, हुलसगेरी. काळ्याभोर शिवारात गावाला लागून एक तांबडा पट्टा दिसत होता.

"इथं खड्डा कधी घ्यायचा?" मी विचारलं.

"जावयानं सासरी कुदळ घेऊन जायचं? मेहुणे गावभर हसतील, टिकेकर. आणि रंग एवढा स्वच्छ बोलतोय की!"

नकाशा मंजूर झाला. संक्रांतीला हादिमनी सासरी जेवायला गेले आणि त्या पट्ट्यापाशी येऊन थबकले. पडीक रानात एकरच्या एकर मिरच्या वाळत घातल्या होत्या. पायानं चार बाजूला सारल्या, तर खाली काळी माती.

"भावजी, चेहरा का उतरला?" मेहुणा म्हणाला. "दर साली इथंच वाळवतो की! तुमच्या घरचं तिखट याचंच."

हादिमनींना जेवण गेलं नाही. "अहो, गप बसा. कोण बघायला जातंय?" बायकोनं, गिरिजव्वानं समजावलं. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत मला ते म्हणाले, "नावाशिवाय मी काही कमावलं नाही. तेच खोटं घेऊन घरी कसा जाऊ?" मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

महिनाअखेरीस निरोपसमारंभ झाला. "चूक ठाऊक नसलेला माणूस," म्हणत साहेबांनी त्यांना तोच नकाशा चौकटीत घालून दिला. हादिमनी उठले. नकाशातल्या पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"चूक झालीय, सर. हा तांबडा पट्टा म्हणजे माती नव्हे. माझ्या मेहुण्याच्या मिरच्या आहेत."

सगळी कचेरी खो खो हसली.

"खरंच सांगतोय! मी खड्डा घेतलाच नाही!"

मी उठून म्हणालो, "सर, ते खरं बोलताहेत." तेव्हा तर साहेबांनी हसून हसून डोळे पुसले. "दोघांनी मिळून बसवलंय वाटतं! हादिमनी, शेवटच्या दिवशी का होईना, विनोद केलात!"

ते चुकूच शकत नाहीत, हे त्यांनीच सगळ्यांना इतकी वर्षं पटवलं होतं. आता उलटं पटवायला त्यांच्या नोकरीत फक्त चहा-उप्पीट उरलं होतं.