लॅपटॉपवरचं इतिवृत्त

आमच्या कळंब्याच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. पूर्वी सभेचं इतिवृत्त हातानं लिहायचो. हात काही तोंडाच्या वेगानं चालत नाही, म्हणून आधी नीट ऐकायचं आणि त्यातलं ठेवण्याजोगं तेवढं उतरवायचं. भांडण पेटलं की मी पेनला टोपण लावायचो. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. टोपण बघून माणसं पोटभर भांडायची आणि चहा येईपर्यंत निवळायची.

मग लॅपटॉप आला. बँकेत आयुष्य गेल्यामुळं टायपिंग माझं जोरात. बोटं थांबेनातच. एका सभेत सोसायटीतल्या दोघा भावांपैकी थोरल्यांनी वरच्या फ्लॅटमधून होणाऱ्या गळतीची तक्रार मांडली. वर राहतो त्यांचाच धाकटा भाऊ. तो उसळला, "गळतीचं काय सांगतोस दादा? आई दवाखान्यात होती तवा एक रात्र तरी काढलीस काय तिथं?"

तेही शब्द न् शब्द उतरलं.

पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणं मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला घेतलं. तोवर गळती थांबली होती. दोघे भाऊ शेजारी बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. मी ते वाक्य वाचलं. थोरले उठून गेले.

"ओघात लक्षातच आलं नाही," मी सगळ्यांना सांगितलं. खोटं. दोन ओळी आधीच ते मला दिसलं होतं. गाळता आलं असतं. पण असं बिनचूक इतिवृत्त इथं कुणी लिहिलं नव्हतं, आणि ते मला ऐकवायचं होतं. लॅपटॉपचा काय दोष?

थोरल्यांनी भावाशी बोलणं टाकलं. वर्ष गेलं. परवा त्यांच्या घरी जाऊन मी हे सांगून टाकलं.

ते म्हणाले, "म्हंजे धाकट्यानं तुला ते लिहून ठेवायला सांगितलं न्हवतं?"

"नाही हो दादा. सगळं माझंच."

"मला वाटलं, चारचौघांत परत वाचून घेतलं त्यानं. मग वरीसभर तोंड शिवलंवतंस काय रं, सेक्रेटरी?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चल वर. त्याच्यासमोर सांग."

बेल मी दाबली. आतून धाकटा ओरडला, "कोण हाय?"

"मी हाय," थोरले म्हणाले. "दार उघड."