पालीचा वर्ग गच्चीवर

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या आमच्या गल्लीत एका निवृत्त इंजिनिअर काकांना पाली शिकायची हुक्की आली. संस्कृत त्यांचं 'झालं' होतं, म्हणजे दोन स्तोत्रं पाठ आणि बाकी अभिमान. आता बुद्धाचं मूळ बोलणं थेट वाचायचं, भाषांतरं नकोत, असं त्यांनी जाहीर केलं. मी नागपूरहून लग्न होऊन आलेली, बी.ए.ला पाली घेतलेली. हे कळताच त्यांनी मला शिक्षिका नेमून टाकलं. पालीला मार्क भरपूर पडतात म्हणून घेतली असणार, हे कारणही त्यांनीच ठरवलं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. काकांनी ते पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं होतं.

दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. काका, त्यांचे दोन निवृत्त मित्र आणि पुण्याहून आलेला एक कम्प्युटरवाला, जो ध्यानाचं शिबिर करून आल्यापासून फार हळू बोलायचा. काका प्रत्येक पाली शब्दाचं आधी संस्कृत करून घेत आणि मगच मान डोलावत. "सामान्य लोकांच्या जिभेला संस्कृत जड गेलं, म्हणून ही पाली," ते समजावून सांगत. त्या जिभा कुणाच्या, हे मी विचारत नसे.

कारण मला वर्गाचं फारसं पडलेलंच नव्हतं. मी जायची ती काकूंच्या स्वयंपाकघरासाठी. वर्ग संपला की आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहायची. काकू इथंच वाढलेल्या, मराठीत कानडी मिसळून बोलायच्या. "अगं, चेहरा बघ किती सुकलाय. स्वल्प उपीट खा," असं म्हणून बशी हातात द्यायच्या आणि ती स्वल्प कधीच नसायची. आठवडाभर मोडक्या हिंदीत दिवस काढणाऱ्या मला तिथं माहेरी आल्यासारखं वाटे.

एका रविवारी मी त्रिशरण म्हणून दाखवलं, घरच्या चालीत. काका खूश झाले. "काय स्वच्छ उच्चार! कुठं शिकलात?"

"घरीच. आमच्याकडे रोज म्हणतात. आम्ही बौद्ध."

"वा," काका म्हणाले. मग ते पुस्तकात पुढचं पान शोधू लागले. कम्प्युटरवाल्यानं डोळे मिटून घेतले; शिबिराचा तेवढा उपयोग झाला. काकूंनी त्या दिवशी उपीट हॉलमध्येच आणून दिलं.

पुढच्या रविवारपासून वर्ग गच्चीवर. वर हवा छान असते, असं काकांचं म्हणणं. जिना घराबाहेरून होता, त्यामुळे घरात पाऊल न टाकता विद्या थेट वर पोचायची. तिथं आम्ही करुणेचा पाठ घेतला. प्राणिमात्रांत कोण कोण येतं यावर छान चर्चा झाली. मुंग्यांवर एकमत झालं.

मला राग येत होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. उतरताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायची. काकू आत मन लावून भांडी घासत असायच्या.

मग एकदा ऐन वर्गात पाऊस आला. सगळे धावत खाली उतरलो. दार उघडून काकू उभ्या. त्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काका उंबऱ्याशी आडवे उभे राहिले. मित्रांना आत घ्यावं, तर मलाही घ्यावं लागणार. "थांबेल आत्ता," ते आभाळाला म्हणाले. आणि ते चार शिकलेसवरलेले पुरुष पुस्तकं शर्टाखाली लपवून उघड्या दारासमोर निमूट भिजत राहिले. मला हसू आवरेना.

"पुढचा वर्ग माझ्याकडे घेऊ," मी म्हटलं. "काकू, तुम्हीसुद्धा या."

"अवश्य, अवश्य," काका म्हणाले. काकू आत वळल्या.

रविवारी मी सतरंजी अंथरली. सगळ्यांपुरतं उपीट केलं, काकूंच्या पद्धतीनं, कढीपत्ता जास्त घालून. वर्गाची वेळ झाली आणि टळूनही गेली. काका भाजीची पिशवी घेऊन समोरून गेले, नजर पलीकडच्या फुटपाथवर. काकूंसाठी एक बशी मी झाकून ठेवली होती. रात्री नवऱ्यानं ती उघडली आणि काही न विचारता खाऊन टाकली.