हातानं लावलेला स्लो

दिग्रसला माझं गॅरेज कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत कान कुचकामी. इंजिनचा स्लो, म्हणजे रेस न देता त्याचं धुकधुकत राहणं, मी मडगार्डवर हात ठेवूनच लावायचो.

त्या साली कापूस आलाच नाही. जिनिंग बंद पडली आणि तिथला फिटर, माझा एकुलता एक दोस्त, सुरतेला गेला.

एका जीपला दुसरं इंजिन बसवलं, पण रेस सोडली की बंद. सकाळभर कार्बोरेटरचे स्क्रू पिळले, स्वतःलाच शिव्या घातल्या. मग बंद जिनिंगच्या त्या शांततेत, रेस सोडताना, बारीक फुसफुस ऐकू आली. कार्बोरेटरखालची नळी मीच उघडी सोडली होती, तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. ती बसवली, इंजिन स्लोवर टिकलं.

सवयीनं भिंतीकडे जोरात ओरडलो, “जमलं बे! चाल, चहा पिऊ!”

जिनिंगच्या पत्र्यावरून माझाच आवाज परत आला.